जिल्ह्याच्या सरासरीत आपले गाव शोधताना : गडचिरोलीत आरोग्याची मोजणी आणि उपचारांची वाट

गडचिरोली जिल्ह्याचा बालमृत्यू दर किती, असे विचारले की उत्तरादाखल एक आकडा मिळतो. तो आकडा रेल्वे असलेल्या वडशाचा नसतो आणि पर्लकोटा नदीचे पाणी पुलावर चढले की बाकी जिल्ह्यापासून तुटणाऱ्या भामरागडचाही नसतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ आणि क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, म्हणजे चौरस किलोमीटरला सरासरी ७४ माणसे. परंतु बारा तालुक्यांपैकी एकट्या चामोर्शीत दीड लाखाहून अधिक लोक राहतात, तर भामरागड तालुक्यात सुमारे ३६ हजार. त्यामुळे कोणतीही सरासरी चामोर्शीकडे झुकते आणि भामरागडात काय चालले आहे ते तिच्यात बुडून जाते.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचे सदस्य, ग्रामसभेत नेमाने बसणारे तरुण, शिक्षक आणि आशाताई यांच्यासाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे. आपल्या भागात किती माणसे कशाने दगावतात हे मोजणे आणि आजारी माणसाला वेळेत योग्य दारापर्यंत नेणे ही दोन कामे सहसा वेगवेगळ्या माणसांकडे असतात. माझ्या मते ती एकाच वहीत व्हावीत, कारण मृत्यूची कहाणी नीट विचारली की रस्ता कुठे अडला हे तिच्यातच सापडते आणि अडलेला रस्ता ठाऊक असला की पुढच्या खेपेची तयारी करता येते.

या जिल्ह्याला अशा मोजणीची परंपरा आहे, हे येथे सांगितले पाहिजे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८० च्या दशकात घरोघर जाऊन जन्म-मृत्यू मोजले, तेव्हा १९८८ मध्ये हजार जिवंत जन्मांमागे १२१ बालके वर्षाच्या आत दगावत असल्याचे दिसले. पुढे ३९ गावांत, गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग झाला आणि तुलनेसाठी ४७ गावे घेतली गेली. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात, त्यांचे मूळ या गावांत आहे. त्या प्रयोगाची सुरुवात औषधापासून झाली नव्हती, नोंदीपासून झाली होती.

मोजणीचा परीघ

संपूर्ण जिल्ह्याची मोजणी हाती घेऊ नये. एका प्राथमिक आरोग्य केंद्राचे क्षेत्र घ्यावे. आदिवासी व डोंगराळ भागासाठी निकष असा आहे की ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ८०,००० मागे एक ग्रामीण रुग्णालय असावे. सपाट भागात हेच आकडे ५,०००, ३०,००० आणि १,२०,००० असे आहेत. मोजणीआधी आपल्या केंद्राखालची लोकसंख्या या निकषात बसते का, हे पाहून ठेवावे. मात्र विरळ वस्तीच्या भागात निकष पूर्ण होऊनही माणूस दूरच राहू शकतो, कारण निकष डोकी मोजतो आणि मधला नाला मोजत नाही.

वीस हजार वस्तीत, हजारी पंधराचा जन्मदर धरला, तर वर्षाला सुमारे ३०० बाळे जन्मतात. इतक्या लहान संख्येवर ‘दर’ काढण्याचा मोह टाळावा. ३०० जन्मांत एका वर्षी सहा आणि दुसऱ्या वर्षी दहा बालके दगावली, तर दर २० वरून ३३ वर गेला असे कागदावर दिसते, परंतु एवढा चढउतार निव्वळ योगायोगानेही होतो. ढोबळ अंदाजासाठी एक सोपी रीत वापरता येते. घटनांच्या संख्येचे वर्गमूळ काढावे, त्याची दुप्पट करावी आणि तेवढा फरक दोन्ही बाजूंना गृहीत धरावा. तालुक्यात वर्षाला ३० बालमृत्यू होत असतील तर वर्गमूळ साडेपाचाच्या आसपास, दुप्पट अकरा. म्हणजे १९ ते ४१ यांच्या दरम्यानचा आकडा आला म्हणून लगेच पेढे वाटू नयेत किंवा कोणाला धारेवर धरू नये. केंद्राच्या पातळीवर फक्त मृत्यू मोजावेत आणि प्रत्येकाची हकीकत समजून घ्यावी. दर काढायचाच असेल तर तीन वर्षांचे आकडे एकत्र करून तालुक्याच्या पातळीवर काढावा.

मातामृत्यूच्या बाबतीत तर ही सावधगिरी दुप्पट हवी. ते गुणोत्तर लाख जिवंत जन्मांमागे मांडले जाते आणि महाराष्ट्राचे २०१८-२० चे गुणोत्तर ३३ होते. वर्षाला १,२०० बाळंतपणे होणाऱ्या तालुक्यात एक माता दगावली तरी गुणोत्तर ८३ होते, आणि एकही दगावली नाही तर शून्य. या दोन्ही आकड्यांतून काही शिकता येत नाही. त्या एका मातेच्या शेवटच्या दोन दिवसांचा तपशील मात्र तालुक्याला पुष्कळ शिकवू शकतो.

नोंदी कुठे सापडतात आणि कुठे हरवतात

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे आणि घटनेपासून २१ दिवसांत नोंद विनाशुल्क होते. येथे एक गोष्ट नेहमी घोटाळा करते. नोंद माणूस जिथे राहतो तिथे होत नाही. घटना जिथे घडते तिथल्या निबंधकाकडे होते. एटापल्लीची बाई गडचिरोलीच्या महिला रुग्णालयात बाळंत झाली तर बाळाची नोंद गडचिरोलीत, आणि तेच बाळ पुढे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात (‘मेडिकल’मध्ये) दगावले तर मृत्यूची नोंद नागपूर महानगरपालिकेत होते. गावाच्या ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये त्या बाळाचा जन्मही दिसत नाही आणि मृत्यूही दिसत नाही. त्यात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने काही जन्म दुसऱ्याच तालुक्यात जातात आणि काही पाहुणे जन्म आपल्याकडे येतात.

यावर उपाय म्हणजे तीन वह्या शेजारी ठेवून वाचणे. पहिली ग्रामपंचायतीची, दुसरी उपकेंद्रातल्या सिस्टरांची गरोदर मातांची, आणि तिसरी अंगणवाडीची. यांपैकी सिस्टरांची वही सर्वांत उपयोगाची, कारण तीत बाई गरोदर असतानाच शिरते. मागच्या वर्षी नोंदलेल्या प्रत्येक गरोदरपणाचे पुढे काय झाले, हे एकेका ओळीत शोधावे: जिवंत जन्म, मृतजन्म, गर्भपात, की गाव सोडून गेली. ज्या ओळीचे उत्तर कोणत्याच वहीत मिळत नाही त्या घरी जावे. बहुतेक हरवलेले मृत्यू तिथेच सापडतात.

मृतजन्म आणि नवजात मृत्यू यांतला भेद करताना विशेष दक्ष राहावे. जन्मल्यावर बाळ एकदा जरी रडले, श्वास घेतला किंवा हालचाल केली आणि नंतर गेले, तर तो जिवंत जन्म आणि नवजात मृत्यू असतो. कधी अज्ञानापोटी, कधी चौकशीच्या धास्तीने, असे मृत्यू ‘मृतजन्म’ म्हणून लिहिले जातात. आईला ‘बाळ रडले होते का’ एवढेच विचारावे. ती विसरलेली नसते.

नोंद पुरी आहे की नाही याची एक आतली खूणही आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा बालमृत्यू दर २३.२ आणि त्यातला पहिल्या २८ दिवसांतला, म्हणजे नवजात मृत्यूंचा, दर १६.५ आढळला. वर्षाच्या आतल्या दहा मृत्यूंपैकी सात पहिल्या महिन्यातले, असा याचा अर्थ. तुमच्या वहीत दहापैकी तीनच मृत्यू पहिल्या महिन्यातले दिसत असतील, तर तुमच्या गावाने विज्ञानाला चकवले असे समजू नये. जन्मल्या-जन्मल्या गेलेली बाळे लिहायची राहिली आहेत असे समजावे. याच सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकांत लसीकरण, रक्तक्षय, संस्थात्मक बाळंतपण यांचे आकडे मिळतात, परंतु जिल्ह्याचा बालमृत्यू दर त्यांत दिलेला नसतो, कारण नमुना तेवढा मोठा नसतो. म्हणून कोणी त्या पत्रकाचा हवाला देऊन जिल्ह्याचा बालमृत्यू दर सांगू लागल्यास त्याला पत्रकातली ओळ दाखवायला सांगावी.

मृत्यूची हकीकत विचारताना

दुःखाच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन दारात जाऊ नये. तेरवी किंवा त्या समाजात जो विधी असेल तो उरकल्यावर, घरच्यांच्या ओळखीच्या बाईला सोबत घेऊन जावे आणि त्यांच्याच भाषेत बोलावे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया, धानोऱ्याकडे गोंडी, कोरचीकडे छत्तीसगढी, सिरोंचात तेलुगू, मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली अशी या जिल्ह्याची भाषास्थिती आहे. मराठीत ‘धाप लागली होती का’ हा प्रश्न विचारून ‘हो’ मिळवणे सोपे आहे, परंतु त्या ‘हो’चा अर्थ काय लागला हे दुभाष्याशिवाय कळत नाही.

प्रश्न वेळेच्या क्रमाने विचारावेत. आजार प्रथम कोणाच्या लक्षात आला आणि तो किती वाजता. दवाखान्यात न्यायचे हे कोणी ठरवले आणि त्याआधी पुजाऱ्याकडे किंवा गावातल्या डॉक्टरकडे किती वेळ गेला. गाडी केव्हा बोलावली, केव्हा आली. पहिल्या दवाखान्यात कोण हजर होते, काय दिले, पुढे पाठवताना चिठ्ठी दिली का. शेवटच्या ठिकाणी पोचल्यावर उपचार सुरू व्हायला किती वेळ लागला. वैद्यकीय लिखाणात याला तीन विलंब म्हणतात: निर्णयाचा, प्रवासाचा आणि पोचल्यानंतरचा. पुजाऱ्याकडे गेल्याबद्दल घरच्यांना बोल लावू नये. मध्यरात्री दवाखान्याला कुलूप असते हे ज्याने दोनदा पाहिले आहे, तो तिसऱ्यांदा पुजाऱ्याकडे गेला तर तो अडाणीपणा नव्हे, अनुभव आहे. आणि तो अनुभव वहीत पहिल्या विलंबाखाली न लिहिता तिसऱ्याखाली लिहावा. या वहीतली नावे चावडीवर वाचू नयेत. ग्रामसभेत फक्त संख्या आणि अडथळे सांगावेत.

हिवताप आणि सिकलसेल

महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा फार मोठा असतो आणि त्यात मेंदूपर्यंत जाणाऱ्या फॅल्सिपॅरम प्रकाराचे रुग्णही असतात. येथे आकडा वाचण्याची युक्ती एकच आहे: रुग्णांच्या संख्येशेजारी तपासलेल्या रक्तनमुन्यांची संख्या मागावी. वर्षभरात लोकसंख्येच्या किमान दहा टक्के लोकांचे रक्त तपासले गेले पाहिजे, असा सर्वसाधारण दंडक आहे. ज्या गावात शून्य रुग्ण आहेत आणि नमुनेही दहा-बाराच घेतले आहेत, ते गाव हिवतापमुक्त नसून न तपासलेले आहे. ताप आल्यावर २४ तासांत आशाताईकडच्या किटवर तपासणी व्हावी आणि गोळ्यांचा पूर्ण क्रम घेतला जावा. व्हायवॅक्स प्रकारात प्रायमाक्विन १४ दिवस घ्यावे लागते आणि चौथ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या गोळ्या आढ्याला खोचल्या जातात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. त्यामुळे दहाव्या दिवशी घरी जाऊन पाकीट पाहणे हे समितीचे काम ठरवून द्यावे. गरोदर स्त्रीला प्रायमाक्विन देत नाहीत. तिला ताप असल्यास थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या बाबतीत सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी ‘पॉझिटिव्ह’ आली एवढ्यावर थांबू नये. ती चाचणी वाहक आणि रुग्ण यांत भेद करत नाही. त्यासाठी पुढची, इलेक्ट्रोफोरेसिसची किंवा एचपीएलसीची, तपासणी लागते. दोन्ही जोडीदार वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक मुलगी आजारी नसते आणि तिचे लग्न मोडण्याचे कारण नाही, हे गावात जितक्या वेळा सांगावे तितके थोडे. सिकलसेलचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे; रुग्णाने प्रमाणपत्र काढून घ्यावे, कारण एसटीतील सवलत आणि निराधार योजनेचा अर्ज यांसाठी कागद लागतोच.

अंतर तासांत मोजावे

गावाचा नकाशा एका मोठ्या कागदावर काढावा आणि त्यावर किलोमीटर लिहू नयेत. गावापासून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, शस्त्रक्रिया होणारे सर्वांत जवळचे रुग्णालय आणि रक्त मिळणारे ठिकाण येथे पोचायला लागणारा वेळ लिहावा, आणि तो तीनदा लिहावा: उन्हाळ्यात दिवसा, उन्हाळ्यात रात्री, आणि पावसाळ्यात नाला भरलेला असताना. तिसऱ्या रकान्यात काही गावांसमोर ‘पोचता येत नाही’ असेच लिहावे लागेल. ते लाजेने रिकामे सोडू नये, कारण पुढच्या सगळ्या मागण्या त्या रकान्यावर उभ्या राहणार आहेत.

‘शस्त्रक्रिया होणारे रुग्णालय’ हे शब्द जपून वापरावेत. अहेरी, आरमोरी आणि कुरखेडा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत आणि गडचिरोलीत जिल्हा रुग्णालय व महिला रुग्णालय आहे, परंतु पाटीवरून सिझेरियन होईल की नाही हे कळत नाही. त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त ही तिन्ही एकाच वेळी हजर लागतात. यांतले एक नसले तरी रुग्णाला ‘रेफर’ची चिठ्ठी मिळते. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात समितीतल्या एकाने फोन करून या तीन गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर उपकेंद्राच्या भिंतीवर लिहावे. जोखमीच्या बाळंतपणासाठी अशा वेळी मधला थांबा गाळून थेट पुढे जाता येते. भामरागड भागात हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाचा दवाखाना आहे, जो १९७३ पासून चालू आहे. धानोरा तालुक्यात चातगावजवळ ‘सर्च’चे रुग्णालय आहे. सिरोंचातली माणसे प्राणहिता-गोदावरी ओलांडून तेलंगणात मंचेरियल-वरंगलकडे जातात आणि त्यात गैर काही नाही, कारण त्यांना गडचिरोली त्याहून दूर पडते. केंद्र सरकारच्या आयुष्मान योजनेच्या यादीत ज्यांचे नाव आहे त्यांचे कार्ड परराज्यातल्या, योजनेत नोंदलेल्या रुग्णालयातही चालते. राज्य सरकारच्या योजनेवर (तिची माहिती पुढे आहे) मात्र तिकडे विसंबू नये.

१०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ पासून सुरू आहे, तर गरोदर माता व बाळांसाठी १०२ आहे. दोन्ही विनाशुल्क आहेत आणि दोन्हींसाठी फोन लागावा लागतो. गावात रेंज नसेल तर रेंज मिळणारी जागा नकाशावर खूण करून ठेवावी आणि रात्री तिथे कोण जाणार ते नावानिशी ठरवावे. गाडी गावापर्यंत येत नसेल तर ती कुठे थांबणार आणि तिथवर खाटेवरून नेणारे चार खांदे कोणाचे, हेही ठरवावे. ही गोष्ट वाचायला कमीपणाची वाटली तरी ऐन रात्री खांदेकरी शोधण्यात जो तास जातो तो रक्तस्राव होणाऱ्या बाईकडे नसतो.

कोणत्या वेळी काय करावे

बाळंतपणासाठी हिशेब प्रसूतीच्या अपेक्षित तारखेवरून मांडावा. जून ते सप्टेंबर या काळात तारीख असलेल्या सर्व स्त्रियांची यादी मे महिन्यात तयार हवी. ज्यांच्या गावासमोर ‘पोचता येत नाही’ लिहिले आहे, त्यांनी तारखेच्या आधीच आरोग्य केंद्राजवळ मुक्कामाला यावे. आदिवासी भागातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत यासाठी माहेरघराची सोय आहे. तिथे गरोदर स्त्री, तिचे लहान मूल आणि एक नातेवाईक राहू शकतात. ऐन रोवणीत घरातल्या दोन बायका तिकडे गेल्या तर धानाचे काय, हा प्रश्न घरोघरी येतो आणि तो खोटा नाही. म्हणूनच बुडीत मजुरीची तरतूद आहे की नाही हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना आधी विचारून मगच घरी बोलणे सुरू करावे. हिमोग्लोबिन सातच्या खाली, रक्तदाब वाढलेला, आधीचे सिझेरियन, जुळे किंवा सिकलसेल यांपैकी काही असेल तर यादीत लाल खूण करावी आणि मुक्काम रक्त मिळणाऱ्या गावी ठरवावा.

घरी आलेल्या बाळाला आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटणे अपेक्षित आहे. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. अडीच किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाकडे अधिक लक्ष द्यावे. बाळ अंगावर ओढेनासे झाले, अंग गार पडले, सुस्त झाले, मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास घेऊ लागले, छाती आत ओढू लागली किंवा झटके आले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असेल तर ते तीव्र कुपोषण समजून पोषण पुनर्वसन केंद्राबद्दल विचारावे. सर्पदंशात जागा कापणे, दोरी आवळणे, मंत्र यांत वेळ न घालवता हातपाय न हलवू देता नेणे एवढेच गावाच्या हातात असते. आपल्या केंद्रात सर्पविषावरचे इंजेक्शन शिल्लक आहे का हे मात्र मे महिन्यातच पाहून ठेवावे.

पैसा आणि कागद

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह तपासण्या व उपचार विनाशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे असल्याने नागपूरच्या मेडिकल किंवा मेयोत थोडे शुल्क लागू शकते; तिथे पैसे मागितले म्हणून फसवणूक झाली असे समजू नये. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, जो २०११ पासून आहे, सरकारी दवाखान्यातले बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि घरून दवाखाना, दवाखाना ते दवाखाना व परत घर असा प्रवास मातेला मोफत आहे, आणि वर्षाच्या आतल्या आजारी बाळालाही तोच हक्क आहे. परतीच्या गाडीचा हक्क लोक मागतच नाहीत; ओली बाळंतीण टमटममधून हादरे खात घरी येते. दवाखान्यातून घरी सोडण्याच्या दिवशी सकाळीच सिस्टरांना गाडीचे विचारावे.

मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. ती वेगळ्या नावाने जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत गडचिरोली होता. २०२३ च्या निर्णयानुसार कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. रुग्णालयात शिरल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, कक्ष शोधावा, रेशनकार्ड व आधार दाखवावे आणि आपला उपचार यादीत बसतो का ते विचारून घ्यावे. घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची औषधे व तपासणी, तसेच परतीचे एसटीचे भाडे पॅकेजमध्येच असते. रेशनकार्डात सुनेचे किंवा नव्या बाळाचे नाव घातलेले नसणे हे अडचणीचे सर्वांत साधे कारण आहे आणि ते नागपुरात नव्हे, तहसील कार्यालयात सुटते.

हाती आलेले कुठे मांडावे

तक्रार चुकीच्या टेबलावर गेली की महिनाभर फिरत राहते. उपकेंद्र व प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे असतात, म्हणून त्यांच्याबद्दल तालुका आरोग्य अधिकारी व जिल्हा आरोग्य अधिकारी यांना लिहावे. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. रस्ता, पूल, माहेरघराची इमारत किंवा फिरते पथक यांचा विषय असेल तर गडचिरोली, अहेरी किंवा भामरागड यांपैकी आपल्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अधिकाऱ्यांनाही प्रत द्यावी. पत्रात ‘सेवा मिळत नाही’ असे न लिहिता ‘अमुक तारखेस रात्री साडेनऊ ते पहाटे चार केंद्रात कोणी नव्हते’ असे लिहावे आणि पोच घ्यावी. उत्तर न आल्यास माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत हजेरीपत्रक, औषधसाठा आणि रेफर केलेल्या रुग्णांचे रजिस्टर मागता येते. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदारास ते दहा रुपयेही लागत नाहीत.

परंतु प्रत्येक गोष्ट वर मागण्याची गरज नसते. ग्राम आरोग्य समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंध, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, निधी मिळतो आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) लागू असलेल्या क्षेत्रातल्या ग्रामसभांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट मिळतो, ज्याचा एक भाग आरोग्य, स्वच्छता व शिक्षणावर खर्च करता येतो. अडलेल्या बाईसाठी गाडीचे भाडे, रात्रीचा टॉर्च, दोन स्ट्रेचर, माहेरघरात राहणाऱ्या कुटुंबाला धान्य यांसाठी कोणाची परवानगी मागत बसू नये. ठराव लिहावा, सह्या घ्याव्यात, पावती जपावी.

या सर्व कामाला गावाच्या कॅलेंडरात बसवावे लागते. धान निघाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत वह्या जुळवाव्यात, कारण त्या दिवसांत माणसे घरी सापडतात. मोहफुलाच्या हंगामाआधी घरभेटी संपवाव्यात. एकदा पहाटे चारला टोपल्या बाहेर पडू लागल्या की दार उघडे सापडत नाही, आणि तेंदूपत्त्याचा फड सुरू झाला की अख्खे गाव जंगलात असते. मार्चअखेरच्या ग्रामसभेत आकडे व नकाशा मांडावा, एप्रिलमध्ये पत्रे द्यावीत, आणि मृग लागण्याआधी तीन याद्या भिंतीवर चिकटवाव्यात: पावसाळ्यात बाळंत होणाऱ्या स्त्रियांची गावनिहाय संख्या, खाट उचलणाऱ्यांची नावे, आणि रेंज मिळणाऱ्या जागेवर रात्री जाणाऱ्यांची पाळी.